सुपात घेतलेले टपाल

आजचे युग हे माहितीचे युग आहे, असे आपण स्नेहसंमेलनाच्या भाषणांतून वरचेवर ऐकतो. ते खरेही असेल. पण माहिती दारात येऊन पडणे आणि ती आपल्याकडून वाचली जाणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हा धडा मला गेल्या वर्षी मिळाला. तो जरा महागात पडला. म्हणून हे चार शब्द.

आमचे गाव कुंभारवाड्याच्या पुढे, जंगलात आहे. तेथे मोबाइलला धड रेंज नाही. गावामागच्या टेकडीवर एक काळा दगड आहे. त्याच्यापाशी उभे राहिले तर नशिबाने मिळते. संगणकाची आवड असल्यामुळे मी तीन मेलिंग लिस्टांचा, म्हणजे टपालयाद्यांचा, सभासद झालो होतो. टपालयादीत एकाने लिहिलेले पत्र सर्व सभासदांना जाते, आणि त्यावर कोणी उत्तर दिले की तेही सर्वांना जाते. यादी जुनी आणि जाणत्यांची असेल तर शिकायला फार मिळते. परंतु दिवसाला शंभर-सव्वाशे पत्रे येत. सुट्टीत पाच दिवसांनी टेकडीवर गेलो तेव्हा पाचशेच्या वर पत्रे साचली होती. वरवर चाळली आणि उतरलो. त्याच ढिगात शिष्यवृत्तीच्या अर्जाला उत्पन्नाचा दाखला जोडण्याविषयीचे पत्र होते. ते दिसले तेव्हा मुदत टळून गेली होती. वडील काही बोलले नाहीत. कौले बदलण्यासाठी बाजूला काढलेले पैसे फीला गेले, आणि त्या पावसाळ्यात स्वयंपाकघरात दोन ठिकाणी भांडी ठेवावी लागली.

दोष कोणाला द्यावा? पत्र पाठवणाऱ्याने वेळेवर पाठवले होते. यादीवरील मंडळींनीही काही गुन्हा केला नव्हता. चूक माझीच. माझ्या घरी टपाल येत होते, पण त्याची छाननी करणारा कोणी नव्हता.

छाननीची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. आपण पत्त्याखाली जे सहा आकडे लिहितो, तो पिनकोड 15 ऑगस्ट 1972 रोजी सुरू झाला. त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातील अधिकारी आणि संस्कृतचे कवी होते. एकाच नावाची गावे अनेक, पत्ते नाना लिप्यांतले, हस्ताक्षरे त्याहून नाना. त्यातून वाट काढायची तर गावाचे नाव वाचण्यावर विसंबून चालत नव्हते. जोयड्याचे नाव कोणी कन्नडात लिहील, कोणी मराठीत, कोणी इंग्रजीत. 581186 मात्र सर्वांना सारखेच. पहिला आकडा विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसरा छाननीच्या जिल्ह्याचा, आणि शेवटचे तीन वाटप करणाऱ्या कार्यालयाचे. आत काय लिहिले आहे हे कोणी पाहत नाही. पाकिटावरची खूण पाहिली की पुरे.

ई-पत्रालाही अशी खूण असते, हे मला आमच्या एका प्राध्यापकांनी दाखवले. आपल्याला दिसतो त्या मजकुराच्या वर पुष्कळशा ओळी असतात. संगणक त्या सहसा झाकून ठेवतो. टपालयादीवरून आलेल्या पत्रात तेथे 'लिस्ट-आयडी' नावाची एक ओळ सापडते. तिचे प्रमाण 2001 साली ठरले. ही ओळ पाहून पत्र त्या-त्या यादीच्या फोल्डरात टाकावे, एवढा नियम लिहून ठेवला की काम झाले. मुख्य पेटीत मग मला नावाने लिहिलेली पत्रेच तेवढी उरतात.

येथे मी आणखी एक चूक केली, तीही सांगून टाकतो. प्रथम उत्साहाच्या भरात मी शब्दावरून नियम केला: ज्या पत्रात 'लिनक्स' हा शब्द असेल ते यादीच्या फोल्डरात जावे. झाले! माझ्या प्रकल्पाविषयी प्राध्यापकांनी खास मला लिहिलेले पत्र त्याच शब्दापायी तिकडे जाऊन पडले आणि दहा दिवस पडून राहिले. तेव्हापासून माझे ठाम मत आहे की, नियम पाकिटावरच्या खुणेवरून करावा, आतल्या शब्दावरून करू नये. आणि कोणताही नियम पत्र आपोआप नष्ट करणारा नसावा.

छाननी झाली तरी वाचन उरतेच. त्यासाठी न्यूजरीडर हे जुने साधन मला फार उपयोगी वाटले. 1979 साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या दोन विद्यार्थ्यांनी युजनेट या चर्चाजाळ्याची कल्पना मांडली. त्यावरील चर्चा वाचण्यासाठी जे कार्यक्रम तयार झाले, ते न्यूजरीडर. त्यांची रीत अशी की, मूळ प्रश्न वर, त्याची उत्तरे त्याच्या खाली, उत्तरांची उत्तरे आणखी आत, वंशावळीसारखी मांडणी. जे वाचले ते पुन्हा पुढे येत नाही. जो विषय नको तो एका कळीने मिटवता येतो, आणि त्यातली पुढची पत्रेही मग त्रास देत नाहीत. 'नूस' नावाचा कार्यक्रम तर टपालालाही बातमीपत्रासारखेच वागवतो. त्याचे एक कर्ते लार्स इंगेब्रिग्टसेन यांनी 2002 मध्ये 'जीमेन' सुरू केले. तेथे हजारो टपालयाद्या न्यूजरीडरमधून वाचता येऊ लागल्या. इतके नको असेल त्याने थंडरबर्ड घ्यावा. तो फुकट आहे. त्यात नियम लिहिता येतात आणि पत्रे विषयवार लावता येतात.

आमच्या तालुक्यातल्या मुलांना याचा एक विशेष फायदा आहे. कॉलेजात किंवा दांडेलीत नेट असेल तेव्हा सगळे उतरवून घ्यावे. गणेशगुडीवरून जोयड्याकडे जाणाऱ्या बसमध्ये किंवा रात्री घरी निवांत वाचावे, उत्तर लिहून ठेवावे, आणि पुन्हा नेट मिळाल्यावर ते जाऊ द्यावे. दगडापाशी उभे राहण्याची गरज नाही.

काही मित्र म्हणतात, एवढा खटाटोप हवा कशाला? सरळ यादी सोडून द्यावी, व्हॉट्सअॅप आहेच. त्यांना माझे उत्तर असे की, आपल्या वर्गाचा गट उघडून पाहा. परीक्षेच्या अर्जाची सूचना सुप्रभाताच्या फुलांखाली गाडली गेलेली असते. टपालयाद्यांनी मात्र मोठी कामे केली आहेत. आमच्या शेजारच्या गोव्यासाठी हर्मन कार्नेरो यांनी 1994 साली परदेशात विद्यार्थी असताना 'गोवानेट' सुरू केले, आणि जगभर पांगलेले गोवेकर त्यावर एकमेकांशी बोलू लागले. अशा चर्चेकडे पाठ फिरवणे म्हणजे उंदराच्या भीतीने कणगी जाळण्यासारखे आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. नियम लावून वाचणारा मनुष्य संकुचित होणार नाही का? होईल, जर नियम दुसऱ्याने केलेले असतील तर. आज आपल्यापुढे काय यावे आणि काय मागे पडावे, हे बऱ्याच ठिकाणी एखादी कंपनी ठरवते. कोणत्या नियमाने ठरवते ते आपल्याला दिसत नाही, बदलता येत नाही. माझा नियम मी लिहिला आहे. तो चार ओळींचा आहे, मला वाचता येतो, आणि चुकला तर दुरुस्त करता येतो. एकदा तो चुकला आणि मी तो बदलला, हे वर आलेच आहे.

आमची आजी भात कांडून झाले की सूप घेऊन ओटीवर बसे. तांदूळ एकीकडे, कणी दुसरीकडे, कोंडा तिसरीकडे. तांदूळ डब्यात जाई, कणीची पेज होई, कोंडा गुरांना. टाकून काहीच द्यायचे नाही, पण एकत्रही ठेवायचे नाही. आमच्या तालुक्याचे जुने नाव सुपा. ते गाव काळी नदीवरच्या धरणात बुडाले, आणि त्या नावाचा उगम काहीही असो, घरोघरचे सूप अजून आहे. विद्यार्थीमित्रांनो, या सुट्टीत एक संध्याकाळ काढा आणि आपल्या टपालाला दोन-तीन नियम लावून पाहा. निदान तुमच्या घरची कौले तरी वेळेवर बदलली जातील.