गाडी हवाली करण्यापूर्वी

पावसाळा ओसरून राजाराम बंधाऱ्यावरचे पंचगंगेचे पाणी उतरले की कसबा बावड्याला दसरा-दिवाळीचे वेध लागतात. दुकानांची रंगसफेदी होते, वजनकाटे पुसले जातात, नव्या वह्या येतात. याच दिवसांत घरची मोटारही डिटेलिंगसाठी, म्हणजे आतून-बाहेरून सखोल स्वच्छता आणि यंत्राने पॉलिश करण्यासाठी, कारागिराकडे जाते.

सोनाराकडे दागिना टाकताना व्यापारी वजन करून पावती घेतो. तोच गृहस्थ लाखो रुपयांची गाडी मात्र किल्ली टेबलावर ठेवून ‘संध्याकाळी नेतो’ एवढ्या शब्दावर सोडून येतो. संध्याकाळी चकचकीत दारावर एक बारीक रेघ दिसते. मालक म्हणतो, ही सकाळी नव्हती. कारागीर म्हणतो, होती. दोघेही खरेच बोलत असण्याचा संभव असतो, कारण धुळीखाली झाकलेली रेघ गाडी धुतल्यावर उघडी पडते. वाद वाढतो, वर्षांचा परिचय तुटतो आणि भरपाईचा भार पुष्कळदा हाती फडके धरलेल्या पोराच्या मजुरीवर पडतो. त्याने ती रेघ ओढली की नाही, हे कोणालाच ठाऊक नसते.

हा अनर्थ टाळण्यास पाव तासाची नोंद पुरते. गाडी दिवसाउजेडी, कोरडी असताना दाखवावी. ओल्या पत्र्यावर पाणी ओरखड्यांत भरते आणि ते दिसेनासे होतात. पहिले छायाचित्र क्रमांकाच्या पाटीसह घ्यावे. मग एका कोपऱ्यापासून प्रदक्षिणेसारखे फिरत बॉनेट, दरवाजे, बंपर, छत, काचा आणि चाकांच्या रिमा क्रमाने टिपाव्यात. पोचा किंवा ओरखडा आढळल्यास जवळून दुसरे चित्र घ्यावे आणि आकार कळावा म्हणून शेजारी नाणे धरावे. आत किलोमीटरचा आकडा, इंधनाचा काटा, पेटलेले इशारादिवे, आसनांवरचे डाग, काचा व वातानुकूलन चालते की नाही, हे पाहावे. कागदपत्रे, रोकड, देवाची मूर्ती आधीच काढून घ्यावी. डिकीत राहिलेल्या वस्तू लिहाव्यात. गाडी धुऊन वाळली की कारागिराने दुसरी फेरी करावी आणि नव्याने दिसलेले दोष पॉलिशपूर्वीच मालकाला कळवावेत.

पुराचे पाणी शिरलेल्या गाडीची नोंद अधिक बारकाईने करावी. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर बावड्याला हे सांगावे लागू नये. पायपुसणीखालचा ओलावा, कुबट वास, आसनाच्या रुळांवरचा गंज, फटींत साचलेला गाळ या खुणा आधी लिहिल्या नाहीत, तर ‘धुतानाच पाणी शिरले’ असा आरोप सहज होतो.

रंगाची जाडीही मोजून घ्यावी. कारखान्यातून आलेल्या गाडीवरचे सारे थर मिळून बहुधा शंभर ते दीडशे मायक्रॉन भरतात, म्हणजे लिहिण्याच्या एक-दोन कागदांएवढे. पॉलिशचे यंत्र वरच्या पारदर्शक थराचा काही अंश घासून काढते. म्हणून वारंवार पॉलिश झालेल्या गाडीवर कारागिराचा हात जपून चालायला हवा. एखाद्या दारावर आकडा फार मोठा आला, तर तेथे पूर्वी पुन्हा रंग वा लांबी बसली असावी, असे समजते. हे साधन धातूच्या पत्र्यावर चालते. प्लास्टिकच्या बंपरवर साधे यंत्र उपयोगी पडत नाही. ओरखड्यावरून नख फिरवावे. नख अडकले, तर तो पॉलिशने बहुधा जात नाही, हेही तेव्हाच सांगून लिहावे. पुढची निराशा टळते.

ही सारी नोंद दोन प्रतींत करून दोघांनी सही करावी. छायाचित्रे त्याच वेळी एकमेकांना पाठवावीत, म्हणजे दिनांक आणि वेळ दोघांकडे राहते.

अशी नोंद मागण्यात अविश्वास दिसेल, असा संकोच काहींना वाटतो. भारतीय करार कायदा, १८७२ दुसऱ्याची वस्तू सांभाळणाऱ्याकडून सामान्य विवेकी मनुष्य स्वतःच्या वस्तूची घेतो तेवढ्या काळजीची अपेक्षा ठेवतो. ती घेतली की नाही हे ठरवायला वस्तू मुळात कशी होती, हे माहीत असावे लागते. तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताच्या पाच अतिचारांत न्यासापहार आणि कूटलेखक्रिया हे दोन सांगितले आहेत: विश्वासाने ठेवलेल्या वस्तूचा अपहार आणि खोटा लेख. ठेव घेणाऱ्याने जसे जपावे, तसे ठेवणाऱ्यानेही जपावे. जुना पोचा नव्या कारागिराच्या माथी मारणे हाही असत्याचाच व्यवहार होय.

गाडी परत घेताना सकाळचाच क्रम, शक्यतो तसाच उजेड आणि हाती तीच नोंद असावी. लिहिलेले होते ते मान्य करावे. नवे आढळेल ते किल्ली घेण्यापूर्वी, तेथेच शांतपणे दाखवावे. चूक कारागिराची असेल, तर त्याला ती नाकारता येणार नाही. नसेल, तर त्या पोराची त्या दिवसाची मजुरी पूर्ण घरी जाईल.