उसाच्या चिपाडातील स्वराज्य

२०२० सालच्या ऑगस्ट महिन्यात मॉरिशसच्या आग्नेय किनाऱ्यावर एक हृदयद्रावक पण तितकेच उद्बोधक दृश्य दिसत होते. २५ जुलै रोजी ‘वाकाशिओ’ हे जपानी मालकीचे जहाज तेथील प्रवाळखडकावर चढले आणि ६ ऑगस्टपासून त्याच्या टाक्यांतील इंधनतेल नितळ सागरात पसरू लागले. सुमारे एक हजार टन तेल सांडले. शासकीय यंत्रणेची वाट न पाहता हजारो स्त्री-पुरुष किनाऱ्याकडे धावले. त्यांनी पोत्यांत उसाचे पाचट भरले, ती पोती शिवून लांबच लांब तरंगते बांध तयार केले आणि तेलाच्या वाटेत आडवे सोडले. भारतानेही तटरक्षक दलाचे दहा जणांचे पथक आणि तीस टनांहून अधिक साहित्य वायुदलाच्या विमानाने तातडीने धाडले.

परक्या तेलाला घरच्या उसाने अडवावे, यात या द्वीपराष्ट्राची सारी ऊर्जाकथा सामावलेली आहे. मॉरिशसच्या भूमीत दगडी कोळसा नाही, खनिज तेल नाही, नैसर्गिक वायूही नाही. जेमतेम दोन हजार चौरस किलोमीटरचा हा देश. शेजारच्या देशाकडून तारा ओढून वीज घ्यावी, तर चहूकडे हिंदी महासागर. अशा देशात आज जवळजवळ प्रत्येक घरी वीज पोहोचली आहे. परंतु ती वीज कोणाच्या इंधनावर निर्माण होते, हा प्रश्न दिवे लागल्याने सुटत नाही.

या प्रश्नाचे मूळ दोन शतके मागे जाते. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलास’ या जहाजातून ३६ भारतीय मजूर पोर्ट लुईच्या बंदरात उतरले. पुढील काही दशकांत कोलकाता, मद्रास आणि मुंबई या बंदरांतून सुमारे साडेचार लाख गिरमिटिये तेथे नेले गेले. त्यांत रत्नागिरी परिसरातील मराठी कुटुंबेही होती. ज्या घाटाच्या पायऱ्या चढून ते गुलामीसदृश करारात शिरले, तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसास्थळ म्हणून ओळखला जातो. गोऱ्या मळेवाल्यांच्या चाबकाखाली या हिंदू समाजाने आपले देव, आपली भाषा आणि आपले सण प्राणपणाने जपले. महाशिवरात्रीला खांद्यावर कावड घेऊन गंगातलावाकडे चालणारे लक्षावधी भाविक आणि गणेशचतुर्थीची सार्वजनिक सुटी ही त्या तपश्चर्येची फळे होत. त्याच हातांनी खडकाळ माळ फोडून तेथे ऊस फुलवला, आणि देशाला स्वतःचे असे इंधन मिळाले ते त्या उसातूनच.

गाळपानंतर उरणारे उसाचे चिपाड, म्हणजेच बगॅस, हे ते इंधन. एक टन ऊस गाळला की सुमारे तीनशे किलो बगॅस उरते. एके काळी कारखाने ते कसेबसे जाळून मोकळे होत. आपली गरज भागवून उरलेली वीज सार्वजनिक जाळ्यास देण्याचा प्रारंभ तेथे १९५७ मध्येच झाला. १९९१ मध्ये शासनाने बगॅसपासून वीजनिर्मितीचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. उच्च दाबाचे बॉयलर आले आणि २००० साली बेल व्ह्यू येथे सत्तर मेगावॅटचे केंद्र उभे राहिले. गळीत हंगामात बगॅस आणि हंगाम संपल्यावर कोळसा, अशी त्याची रचना होती.

या वाटचालीतील सर्वांत मोलाचा भाग यंत्रांचा नाही, मालकीचा आहे. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या शर्करा गुंतवणूक न्यासामार्फत ऊस उत्पादक आणि कारखान्यांतील कामगार यांना साखर कंपन्यांत वीस टक्के भाग घेता आला. ज्यांचे पणजोबा त्या मळ्यांवर हजेरीपटावरील आकडे होते, ते भागधारक झाले. पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी विकेंद्रित, मानवकेंद्री अर्थरचनेचा आग्रह धरला होता. ज्याच्या घामातून संपत्ती निर्माण होते, त्याचा तिच्यावर हक्क असावा, हे त्या विचाराचे सार. सागरापलीकडील या बेटावर त्याचा एक लहानसा आविष्कार दिसला, असे म्हटले तर ते वावगे ठरू नये.

पण ही कमाई आज ओसरत आहे. युरोपीय संघाने साखरेचा हमीभाव २००६ पासूनच्या चार वर्षांत ३६ टक्क्यांनी घटवला आणि २०१७ मध्ये आपल्याकडील उत्पादनावरील कोटाही उठवला. ज्या युरोपने या बेटाला एकाच पिकाच्या दावणीला बांधले, त्यानेच ते पीक वाऱ्यावर सोडले. लहान शेतकऱ्यांनी ऊस सोडला. कुठे जमिनी पडीक राहिल्या, तर कुठे धनिक परदेशीयांचे बंगले उठले. १९७३ मध्ये सात लाख टनांवर गेलेले साखर उत्पादन अलीकडे अडीच लाख टनांच्याही खाली आले आहे. स्वातंत्र्याच्या वेळी वीसहून अधिक असलेले कारखाने आता तीनच उरले आहेत. ऊस घटला म्हणून बगॅस घटले, आणि त्याची जागा आफ्रिकेतून येणाऱ्या कोळशाने घेतली. हंगामाबाहेरची तात्पुरती सोय म्हणून आलेला पाहुणा घरमालक होऊन बसला. आज मॉरिशसच्या विजेत नवीकरणीय ऊर्जेचा वाटा एक पंचमांशाच्या आसपास आहे. उरलेली चार पंचमांश वीज आयात कोळसा आणि तेल यांवर चालते. २०३० पर्यंत साठ टक्के वीज नवीकरणीय स्रोतांतून मिळवण्याची घोषणा २०२१ मध्ये झाली होती. वाटचालीचा वेग पाहता ते उद्दिष्ट फार दूर राहिले आहे.

सूर्य आणि वारा यांच्याकडे वळा, ऊस विसरा, असा सोपा सल्ला यावर दिला जातो. सौर आणि पवन ऊर्जा हवीच. परंतु विजेची मागणी सूर्यास्तानंतरही उरते, वादळी हंगामात पवनचक्क्या थांबवाव्या लागतात आणि लहान जाळ्याला क्षणभराचा चढउतारही झेपत नाही. साठवणुकीच्या बॅटऱ्या आणि सौरपट्ट्या बहुतांशी चीनमधून येतात. कोळशाचे परावलंबन टाकून बॅटऱ्यांचे स्वीकारायचे, याला स्वावलंबन म्हणता येत नाही. हंगामात रात्रंदिवस स्थिर वीज देणारे, घरच्या मातीत उगवणारे इंधन मोडीत काढणे हा आत्मघात ठरेल. साखरेला भाव नसेल तर विजेसाठी उसाला भाव द्यावा, हाच यावरील मार्ग. अधिक तंतुमय उसाच्या जाती तेथील संशोधन संस्थेने विकसित केल्या आहेत, आणि २०२१ मध्ये शासनाने बगॅसचा मोबदला वाढवण्याचे धोरणही स्वीकारले. ते धोरण लहान शेतकऱ्याच्या बांधापर्यंत टिकाऊपणे पोहोचते की नाही, यावर सारे अवलंबून आहे.

येथे भारताचे कर्तव्य सुरू होते. आठ मेगावॅटच्या सौरप्रकल्पाचा प्रारंभ जानेवारी २०२२ मध्ये भारताच्या साहाय्याने झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये पंतप्रधान नवीनचंद्र रामगुलाम वाराणसीत आले, तेव्हा टॅमारिंड फॉल्स येथील १७.५ मेगावॅटच्या तरंगत्या सौरप्रकल्पाला गती देण्याचे ठरले. तो एनटीपीसी उभारणार आहे. हे स्वागतार्ह आहे. मात्र मोठ्या भावाने तयार ताट वाढावे आणि धाकट्याने हात धुऊन बसावे, असे हे नाते नसावे. प्रकल्पाबरोबर कौशल्यही द्यायला हवे. ऊस आणि सहवीजनिर्मिती यांचा संसार महाराष्ट्राच्याही ओळखीचा आहे. येथील अनेक सहकारी साखर कारखाने बगॅसपासून वीज निर्माण करून विकतात. मांजरी येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटसारखी संस्था आणि मॉरिशसचे ऊसतज्ज्ञ यांच्यात नियमित देवाणघेवाण झाली, तर शिकण्यासारखे दोन्हीकडे आहे. सहकाराचा अनुभव येथे अधिक, तर बगॅस विजेचा वारसा तेथे जुना.

१२ मार्च १९६८ रोजी मॉरिशसवर स्वतंत्र ध्वज फडकला. गिरमिटियांच्या वंशजांनी राजकीय स्वराज्य मिळवले आणि सांस्कृतिक स्वत्व तर कधी गमावलेच नव्हते. ऊर्जेचे स्वराज्य अद्याप बाकी आहे. त्याचे बीज त्यांच्या पूर्वजांनी अश्रू आणि घाम गाळून त्याच मातीत पेरून ठेवले आहे. ते करपू न देणे, हेच त्या पूर्वजांचे खरे तर्पण होय.