संध्याकाळी काय करू?

गेल्या आठवड्यात ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये जेवताना विषय निघाला. टेबलावर आम्ही सातजण, सगळ्यांचे आईबाबा निवृत्त. कोणीतरी विचारलं, "तुमच्याकडे आईबाबा आठवड्यातून किती वेळा बाहेर जेवतात रे?" झालं! सात माणसं, सात उत्तरं. ठाण्याच्याकडे जवळजवळ रोज, कारण सोसायटीतल्या पाच-सहा जोडप्यांचा ग्रुपच आहे. नागपूरकराचे बाबा लग्नातलं जेवणसुद्धा 'बाहेरचं' धरतात आणि घरून ताक पिऊन निघतात. एकाचे सासू-सासरे सकाळी फिरून झालं की वैशालीत इडली खातात, पण दुपारी साडेबाराला वरण-भात घरीच. सांगलीवाला म्हणाला, "आमच्याकडे फक्त प्रवासात. तेसुद्धा दशम्या संपल्या तर."

माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, "जुलैच्या आधीचं सांगू की नंतरचं?"

तर ही जुलैची गोष्ट.

आधी थोडी पार्श्वभूमी. आई अनुदानित शाळेत शिक्षिका होती, २०१३ मध्ये अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाली. बाबा बँकेत. ते २०१४ मध्ये साठाव्या वर्षी. दोघांनाही निरोप समारंभ, शाल, श्रीफळ, घड्याळ असं सगळं मिळालं. नोकरी चालू असताना आमच्या स्वयंपाकघराची पद्धत ठरलेली होती. पहाटे साडेपाचला आईचा कुकर लागायचा, सातपर्यंत पोळी-भाजी होऊन तीन डबे भरलेले असायचे (बाबांचा, तिचा आणि माझा). मग थेट संध्याकाळी सातला ओट्याशी दुसरी पाळी. मधला दिवस स्वयंपाकघर बंद.

निवृत्तीनंतर काय झालं बघा. डबे बंद झाले, म्हणून आम्हाला वाटलं आईचं काम कमी झालं. प्रत्यक्षात बाबा दिवसभर घरी आले. सकाळी नऊला नाश्ता, तोही 'काहीतरी गरम'. साडेबाराला जेवण, पोळी तव्यावरून ताटात. चारला चहा, त्याच्याबरोबर 'तोंडात टाकायला' काहीतरी. आठला पुन्हा जेवण. एकादशी, संकष्टी आली की बाबांचं साधं, आईचं उपासाचं, म्हणजे दोन स्वयंपाक. पूर्वी दोन रिलीज होते, आता दिवसाला चार. टीममध्ये माणूस एकच.

आणि माणसं दोनच असली म्हणून काम निम्मं होत नाही. वाटीभर आमटी करायची म्हटली तरी कुकर लावावाच लागतो, फोडणी करावी लागते, शेवटी तेवढीच भांडी पडतात. कोथिंबिरीची जुडी दोन माणसांत संपत नाही, अर्धी पिवळी पडते. पाव किलो भेंडी निवडून, पुसून, चिरून, परतून चाळीस मिनिटं जातात आणि ती दहा मिनिटांत संपते.

यावर अमेरिकेतलं एक संशोधन माझ्या वाचनात आलं होतं. तिथल्या अर्थतज्ज्ञांना बरीच वर्षं एक कोडं पडलेलं होतं. माणूस निवृत्त झाला की त्याचा खाण्यावरचा खर्च एकदम घसरतो. म्हणजे लोकांनी पुरेसे पैसे साठवले नाहीत की काय? मार्क अगियार आणि एरिक हर्स्ट या दोघांनी २००५ मध्ये दाखवून दिलं की तसं नाही. खर्च साधारण १७ टक्क्यांनी घटतो, पण बाजारहाट आणि स्वयंपाकावर जाणारा वेळ साधारण ५३ टक्क्यांनी वाढतो. लोक काय खातात, किती खातात, याच्या नोंदी तपासल्या तर ताटातलं अन्न ना कमी झालं ना निकृष्ट. पैशाच्या जागी वेळ आला, इतकंच.

वाचल्यावर मला हे फार पटलं होतं. छान सुटसुटीत उत्तर. आता वाटतं, आमच्या कोथरूडच्या घरात हे समीकरण अर्धंच लागू पडतं. मोकळा झालेला वेळ बाबांचा होता. गॅसपाशी गेला तो आईचा.

हे फक्त आमच्या घरचं रडगाणं नाही. आपल्याकडे राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये 'टाइम यूज सर्व्हे' केला. सहा वर्षांवरच्या ज्या ज्या व्यक्ती घरकाम करतात त्यांची दिवसाची सरासरी काढली. बायका २९९ मिनिटं, पुरुष ९७. मुळात घरकाम करणारे पुरुषच २६ टक्के, बायका ८१ टक्के. २०२४ मध्ये पुन्हा पाहणी झाली तेव्हा बायका २८९ मिनिटांवर आल्या होत्या. दहा मिनिटं वाचली! पुरुष वाढले असतील म्हणाल, तर तेही ८८ वर आले.

असो. जुलैमध्ये आई भाजी घेऊन येताना सोसायटीच्या दारातच ओल्या फरशीवरून घसरली. उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर.

पहिले दोन दिवस मी आणि बायको तिकडेच राहिलो आणि ॲपवरून जेवण मागवलं. तिसऱ्या दिवशी बाबांनी बंड केलं. पनीरच्या भाजीवर तेलाचा तवंग होता आणि बाबांची रक्तदाबाची गोळी चालू आहे. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते, म्हणजे सपाट चमचाभर. हॉटेलातल्या एका ग्रेव्हीत त्यातला मोठा वाटा संपायचा. शिवाय मागच्या गल्लीतल्या एक काकू घरगुती डबा देतात असं कळलं. त्यांची बहुतेक गिऱ्हाइकं सत्तरीचीच, त्यामुळे कमी तेल, कमी तिखट हे त्यांना सांगावंच लागत नाही. दोन वेळचा डबा सुरू झाला.

बाबा डब्याला राजी झाले, पण त्यांचा चेहरा पडलेला. आधी मला वाटलं चवीमुळे. मग वाटलं पैशामुळे, म्हणून मी एक्सेल करून दाखवली: दोघांचा एकवेळचा डबा महिनाभर घेतला तर त्यांच्या पेन्शनचा किती भाग जातो, त्यातून वाचलेला किराणा, भाजी, गॅस वजा केला तर किती उरतो. रक्कम अशी काही नव्हती की बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाची झोप उडावी. बाबांनी दोन फॉर्म्युले तपासले, एक चूक काढली आणि लॅपटॉप परत दिला. चेहरा तसाच.

खरं कारण आईनेच सांगितलं. बाबा नोकरीला लागले तेव्हा तीन वर्षं खानावळीत जेवले होते. त्यांच्या डोक्यात खानावळ आणि डबा हे ज्याला 'घर नाही' त्याच्यासाठी असतं. आणि इतिहासही त्यांच्याच बाजूने आहे. मुंबईच्या गिरणगावात बायकांच्या खानावळी चालायच्या त्या गावाकडे कुटुंब ठेवून आलेल्या कामगारांसाठी. त्याच बायकांना एकत्र करून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. मुंबईचे डबेवाले, ज्यांची सुरुवात महादेव हावजी बच्चे यांनी १८९० मध्ये केली असं मानतात, ते घरचं जेवण घराबाहेर पोचवायचे. घरात बायको असताना बाहेरून डबा घरी येणं म्हणजे बाबांच्या लेखी सगळी वाहतूक उलट्या दिशेने सुरू झाल्यासारखं! डबेवाला मुलगा आला की ते दार अर्धवट उघडून डबा पटकन आत घ्यायचे. समोरच्यांनी बघू नये म्हणून.

मला हसू यायचं. पण एका शनिवारी ते हसू गेलं.

सहा आठवड्यांनी प्लास्टर काढायला मीच आईला घेऊन गेलो होतो. डॉक्टर एक्स-रे बघून म्हणाले, छान जुळलंय, काढू या. आई म्हणाली, "अजून एक आठवडा ठेवलं तर चालेल का?"

डॉक्टरांना वाटलं ती घाबरलीय. त्यांनी समजावलं, उगाच जास्त ठेवलं तर सांधा आखडतो, व्यायाम सुरू करायला हवा. आई "बरं" म्हणाली. प्लास्टर निघालं. रिक्षात मी विचारलं, "दुखतंय का अजून?" ती बाहेर बघत म्हणाली, "नाही रे. सहा आठवडे संध्याकाळी काय करू, हा विचार डोक्यात नव्हता. बरं वाटत होतं."

संध्याकाळी काय करू. हे वाक्य मी आयुष्यभर रोज ऐकलंय. मला तो प्रश्न वाटायचा, आणि आम्ही दोघं बापलेक त्याचं उत्तर एकच द्यायचो, "काहीही कर." ('काहीही'ची रिक्वायरमेंट घेऊन कोणी माझ्याकडे आलं तर मी त्याला मीटिंगमधून बाहेर काढीन.)

आता खरी लाज वाटण्यासारखी गोष्ट. मी आणि बायको बाणेरला राहतो, दोघंही आयटीत, आठवड्यातल्या चार रात्री आमचं जेवण ॲपवरून येतं. आणि दर रविवारी संध्याकाळी मी कोथरूडहून निघायचो तेव्हा माझ्या पिशवीत काय असायचं? वीस पोळ्या, दोन भाज्या, दाण्याची चटणी, कधी खोबऱ्याच्या वड्या. वर मी आईबाबांना फोनवर सांगणार, "बाहेरचं नका खाऊ, या वयात घरचंच चांगलं." मोडलेलं मनगट उजवं होतं. पोळ्या त्याच हाताने लाटल्या जायच्या. बायकोने हे जुलैच्या आधीही दोनदा बोलून दाखवलं होतं. मी म्हणायचो, "तिला आवडतं गं करायला."

आवडतंच. पुरणपोळीच्या दिवशी आईच्या आसपास फिरकायची सोय नसते, डाळ शिजण्यापासून कटाच्या आमटीपर्यंत सगळं तिच्या मनासारखं. पण वर्षातून चार वेळा पुरण घालायला आवडणं आणि वर्षातल्या तीनशे पासष्ट रात्री ओट्याशी उभं राहायला आवडणं, यात आपण सोयीस्कर गल्लत करतो. मला कोड लिहायला आवडतं. म्हणून सत्तराव्या वर्षी रोज प्रॉडक्शन सपोर्टला बसवा म्हणजे झालं!

म्हणूनच मला तो कॅन्टीनमधला प्रश्न चुकीचा वाटतो. 'किती वेळा बाहेर जेवतात' यात आपण हॉटेलात जाणं मोजतो. ते हौसेचं आहे, आणि या वयात त्यात कटकटीही बऱ्याच. रविवारी रात्री नऊला पाऊण तास वेटिंग, बसायला एखादाच बाक, त्यावर कोणाचं तरी हेल्मेट. आत गेलं की गाणी इतकी मोठी की बाबांना श्रवणयंत्र काढून ठेवावं लागतं. मेन्यूकार्ड मागितलं तर क्यूआर कोड दाखवतात. बाथरूम वरच्या मजल्यावर. दोन माणसांना एक भाजी संपत नाही, दोन मागवायची चोरी. म्हणून हुशार निवृत्त मंडळी संध्याकाळी पाचला जातात. या वेळी कधी डेक्कनच्या बाजूला जाऊन बघा, अर्धी टेबलं त्यांचीच असतात. एक मसाला डोसा दोघांत, दोन फिल्टर कॉफी, सहाला घरी.

मोजायचं असेल तर मी म्हणेन, आठवड्यातल्या किती संध्याकाळी आईला ओट्याकडे बघावंही लागत नाही ते मोजा. मग जेवण डब्यातून येवो, हॉटेलातून येवो, नाहीतर बाबांनी केलेलं असो.

हो, बाबांनी! प्लास्टरच्या काळात बाबा कुकर लावायला शिकले. आई खुर्चीवर बसून सांगायची आणि ते वहीत लिहून घ्यायचे, बँकेतल्यासारखं, तारीख घालून. पहिल्या दिवशी पाणी कमी पडून डाळीचे दाणे टचटचीत राहिले. दुसऱ्या दिवशी शिटी लावायला विसरले. तिसऱ्या आठवड्यात मुगाची खिचडी जमली. आई म्हणाली, "मीठ कमी आहे." बाबा म्हणाले, "डॉक्टरांनी सांगितलंय."

डबा बंद करायचा की नाही यावर ऑगस्टअखेरीस आमच्याकडे चर्चा झाली. चर्चा म्हणजे बाबा पेपर वाचत होते आणि आई म्हणाली, "अहो, संध्याकाळचा डबा राहू दे आपला. सकाळचं मी करते." पेपर खाली आला नाही. मी रविवारच्या पोळ्या बंद केल्या. पहिल्या रविवारी रिकामी पिशवी घेऊन निघताना आईचाच जीव वरखाली झाला, तिने बळेच चटणीची बाटली कोंबली. तेवढं चालतं म्हणे.

सध्या सोमवार ते गुरुवार संध्याकाळी डबा, शुक्रवारी बाबांची खिचडी, शनिवारी पाचला डोसा, रविवारी आईला वाटेल ते. परवा बुधवारी आठ वाजता फोन केला. बाबांनी उचलला. आई भजनाला गेली होती, पूर्वी या वेळी ती कधी जाऊ शकली नव्हती.

"जेवलात?"

"हो. पडवळ होतं डब्यात. डाळ घातलेलं."

"कसं होतं?"

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग हळू आवाजात, "चांगलं होतं रे. तुझ्या आईला सांगू नकोस."