चार गडांची एक वाट

पावसाळा सरून सह्याद्रीच्या वाटा मोकळ्या होऊ लागल्या, की आपल्या साहस-प्रवासाच्या व्यवसायातील संस्थांच्या कचेऱ्यांतून पुढील सहा महिन्यांच्या मोहिमांचे तक्ते आखले जातात, आणि त्या तक्त्यांत अलीकडे श्रीलंकेचे नाव वारंवार आढळू लागले आहे. कितुलगल येथे केलनी नदीच्या प्रवाहातील राफ्टिंग, श्रीपाद पर्वतावरील रात्रीची चढाई, नकल्स पर्वतराजीतील भटकंती आणि पूर्व किनाऱ्यावरील अरुगम बे येथील सर्फिंग, अशी चारही आकर्षणे एका आठवड्याच्या पॅकेजमध्ये बसविलेली पाहिली म्हणजे संयोजकाच्या उत्साहाचे कौतुक वाटते. परंतु त्या बेटाच्या ऋतुचक्राचा विचार त्याने केला आहे काय, असा प्रश्नही मनात उभा राहतो. नैर्ऋत्य मोसमी पाऊस मे ते सप्टेंबर या काळात बेटाचा नैर्ऋत्य भाग झोडपतो व ईशान्येचे वारे वर्षाखेरीस पूर्व किनाऱ्याला भिजवतात. त्यामुळे श्रीपादाच्या यात्रेचा काळ डिसेंबरच्या पौर्णिमेपासून मे महिन्यातील वैशाख पौर्णिमेपर्यंतचा, तर अरुगम बे येथील लाटांचा हंगाम जवळजवळ त्याच्या उलट, मे ते ऑक्टोबरचा. जो संयोजक दोन्हींचे आश्वासन एकाच आठवड्यात देतो, तो आपल्या प्रवाशाला दोहोंपैकी एका ठिकाणी अकाली नेऊन सोडतो.

श्रीलंकेकडून आपण जे घ्यावे ते निराळेच आहे. महाराष्ट्राच्या चतुर्थांशाहूनही लहान असलेल्या या देशाच्या मध्यभागी, १८६७ साली जेम्स टेलर याने लूलकंदुर येथे चहाची व्यापारी लागवड आरंभिल्यानंतर जे मळे पसरले, त्यांतील जुन्या गाडीवाटा, पायवाटा आणि आगगाडीच्या रुळांलगतच्या वाटा एकमेकींस जोडून अलीकडच्या काळात तीनशे किलोमीटरांहून अधिक लांबीचा ‘पेको ट्रेल’ आखला गेला. कँडीजवळच्या हंतान डोंगरापासून निघून नुवर एलियापर्यंत जाणाऱ्या या वाटेचे बावीस टप्पे आहेत. प्रवाशाला एकाच सुप्रसिद्ध कड्यावर नेऊन छायाचित्र काढवून परत आणण्याऐवजी त्याला गावांतून आणि मळ्यांतून चालावयास लावणे, वाटेतल्या घरी जेवावयास बसविणे व रात्री वस्तीजवळ उतरविणे, हे त्या रचनेचे मर्म आहे. ती वाट चहामळ्यांतील तमिळ मजुरांच्या चाळींवरून जाते, आणि त्या मजुरांच्या अल्प वेतनाचा प्रश्न कोणत्याही पर्यटनमार्गाने सुटलेला नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. वाट आखली म्हणजे वाटेवरचा माणूस आपोआप सुखी होतो, असा भ्रम आपण बाळगू नये.

आता आपल्या मुलुखाकडे वळू. निसर्गशास्त्रज्ञ पश्चिम घाट आणि श्रीलंका यांची गणना जैववैविध्याच्या दृष्टीने एकाच संवेदनशील प्रदेशात करतात. त्या प्रदेशाचे आपल्या वाट्यास आलेले एक टोक म्हणजे कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरील चंदगड तालुका. ताम्रपर्णीच्या खोऱ्यातील भातशेती, डोंगरउतारांवरील काजूच्या बागा, नाचणी आणि रताळ्याची शेते, पश्चिमेस तिलारी घाटाने कोकणात उतरणारे घनदाट अरण्य आणि पूर्वेस बेळगावकडे विरळ होत जाणारे माळ, असे पाऊण दिवसात बदलत जाणारे भूदृश्य साहस-प्रवासाच्या व्यवसायास फार मोलाचे आहे. परंतु आज आपण त्याचा उपयोग कसा करतो? आंबोलीच्या पावसाळी गर्दीत जागा न मिळालेल्या गाड्या तिलारी घाटाच्या माथ्यावरील ‘स्वप्नवेल पॉइंट’कडे वळतात, दरीच्या काठावर घटकाभर उभ्या राहतात, आणि येथील एकाही घराला कपभर चहाचे पैसे न देता संध्याकाळी निघून जातात. चंदगड हे गर्दीचे उतारठाणे होऊ नये, असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांनी दुसरी रचना पुढे मांडली पाहिजे.

ती रचना येथील चार गडांनी आधीच मांडून ठेवली आहे. पूर्वेस बेळगावच्या बाजूला महिपाळगड, ज्याच्या पायथ्याशी देवरवाडीचे वैजनाथाचे देवस्थान आहे. तेथून पश्चिमेकडे येताना गंधर्वगड, ज्याच्या माथ्यावर आजही गाव नांदते. मग काळिवडे गावाजवळचा काळानंदीगड. आणि शेवटी, जेथे घाटमाथा संपून कोकण व गोवा यांचा मुलूख दृष्टीस पडतो तेथे, पारगड. आजवर हे चारही गड आपण गाडीने एकेका तासात उरकण्याची स्थळे म्हणून विकले. वास्तविक ते एका वाटेचे चार मुक्काम आहेत. चार-पाच दिवसांची पदयात्रा, दिवसाला बेताचे अंतर, रात्री गडावरच्या किंवा पायथ्याच्या वस्तीत मुक्काम, असा क्रम बसविता आला तर माळापासून सदाहरित अरण्यापर्यंतचा सारा प्रवास प्रवाशाच्या पायांखालून जाईल.

या चारींत पारगडाचे स्थान अनन्यसाधारण आहे. पोर्तुगीजांच्या गोव्यावर नजर ठेवण्यासाठी शिवछत्रपतींनी १६७६ च्या सुमारास हा गड उभारला व तानाजी मालुसरे यांचे चिरंजीव रायबा यांच्याकडे त्याची किल्लेदारी सोपविली, अशी गडाची परंपरा आहे. आणि मालुसऱ्यांचे वंशज अद्यापि तेथे राहतात. सह्याद्रीत किल्ले पुष्कळ आहेत, परंतु ज्या घराण्याकडे गड सोपविला गेला ते घराणे तीन शतकांहून अधिक काळ तेथेच राहिल्याचे असे उदाहरण क्वचितच आढळेल. पूर्वी साडेतीनशेच्या आसपास पायऱ्या चढून तेथे जावे लागे, आता गाडीरस्ता झाला आहे. रहिवाशांना तो हवाच होता, आणि दुर्गप्रेमाच्या नावाखाली त्याविरुद्ध कुरकुर करण्याचा आपणांस काही अधिकार नाही. आपण एवढेच करावे की आपली तुकडी इसापूरच्या बाजूने पायी वर न्यावी, भवानीच्या मंदिरात व तानाजींच्या पुतळ्यापाशी गडकऱ्यांनाच बोलते करावे, आणि त्या दिवसाचे जेवण व रात्रीचा निवारा गडावरच्याच घरांकडून घ्यावा. आपल्या पगारी लीडरने पाठ करून म्हटलेल्या इतिहासाची जागा त्या घरातील वृद्धाच्या कथनाला मिळाली, तर प्रवासी अधिक समृद्ध होऊन परततो.

या मार्गाची सुरक्षितता मात्र नकाशावरून ठरविण्यासारखी नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत चंदगड बेळगाव जिल्ह्यात होते. हद्द बदलली, तरी डोंगर आणि रस्ते बदलले नाहीत. जिल्ह्याचे ठाणे कोल्हापूर चंदगडपासून शंभर किलोमीटरांहून दूर, तर बेळगाव त्याच्या निम्म्याहून कमी अंतरावर. ज्याच्या प्रवाशाचा पाय काळानंदीगडाच्या उतारावर मोडेल, त्याने रुग्णवाहिका कोणत्या राज्यातून बोलवावी व कोणत्या रुग्णालयाशी आधी बोलणे करून ठेवावे, याचा खर्डा मोहिमेपूर्वी लेखी तयार असला पाहिजे. पश्चिमेकडील रानात २००२ च्या सुमारास कर्नाटकातून आलेल्या हत्तींचा वावर आहे. त्यामुळे तंबू कोठे ठोकावा याचा निर्णय वनरक्षक आणि शेतकरी यांना विचारल्यावाचून घेणे हा बेजबाबदारपणा होय. शेजारच्या दोडामार्ग तालुक्यात २०१६ पासून माकडतापाने माणसे दगावली आहेत. गोचिडांपासून पसरणारा हा रोग हिवाळ्याच्या उत्तरार्धापासून उन्हाळ्यापर्यंत, म्हणजे नेमक्या आपल्याच हंगामात, बळावतो. पूर्ण बाह्यांचे कपडे, गोचीड-प्रतिबंधक मलम, रानातून आल्यावर अंगाची तपासणी, आणि घरी परतल्यानंतर ताप आल्यास डॉक्टरांना प्रवासाचे ठिकाण सांगण्याची सूचना, एवढे तरी प्रत्येक प्रवाशाच्या हाती छापील स्वरूपात दिले पाहिजे. पावसाळ्यात जळवांविषयी आपण किती आवर्जून सांगतो! त्यांच्याहून घातक असलेल्या गोचिडाविषयी मौन का?

शासनाने २०२० साली चंदगड तालुक्यातील सुमारे २२५ चौरस किलोमीटर वनक्षेत्र संवर्धन राखीव म्हणून निश्चित केले. अशा क्षेत्रात अभयारण्याप्रमाणे स्थानिकांचे हक्क संकुचित होत नाहीत, आणि त्याच्या व्यवस्थापन समितीत हद्दीतील प्रत्येक ग्रामपंचायतीच्या प्रतिनिधीस कायद्याने स्थान आहे. वाटेची तजवीज करावयाची तर दरखास्त प्रथम या समितीपुढे गेली पाहिजे. मुंबई-पुण्याहून आलेल्या संयोजकाने ग्रामपंचायतीला वगळून परस्पर वनखात्याशी बोलणे करावे, ही जी रीत पडली आहे, तिच्यामुळेच गावोगाव आपल्याविषयी अविश्वास निर्माण झाला. ऑगस्ट २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणान्वये पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करणे आपणांस आवश्यक झाले आहे. पुष्कळांना ती तसदी वाटते. परंतु ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यास भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच माणसे वाहून गेली, त्यानंतर ठिकठिकाणी बंदीचे हुकूम निघाले, आणि त्या हुकमांत नोंदणीकृत तुकडी व वाट्टेल तसे भटकणारा जमाव यांत फारसा भेद उरला नाही. ज्याचे दफ्तर चोख, त्यालाच जिल्हाधिकाऱ्यांपुढे उभे राहून त्या भेदाचा आग्रह धरता येईल.

आमचे मत स्पष्ट आहे. या वाटेवर एका तुकडीत पंधराहून अधिक माणसे नसावीत. प्रत्येक टप्प्यासाठी त्याच गावचा वाटाड्या असावा व त्याचा रोजमुरा आगाऊ ठरवून लेखी द्यावा. जून ते सप्टेंबर वाट बंद राहावी, कारण त्या काळात शेतकऱ्यांचे हात भाताच्या लावणीत आणि बेणणीत गुंतलेले असतात, ओढे फुगलेले असतात, आणि पाहुण्यासाठी त्या वेळी उसंत काढणे कोणत्याही घराला परवडत नाही. या अटींनी नफा घटेल. घटू द्यावा.

ज्या संस्थांना या चार गडांच्या वाटेची प्रत्यक्ष पाहणी करण्यात सहभागी व्हावयाचे असेल, त्यांनी आपल्या नोंदणीचा तपशील आणि पाठवावयाच्या अनुभवी मार्गदर्शकांची नावे दिवाळीपूर्वी संपादकांकडे कळवावीत; पाहणीची तारीख मात्र भातकापणी आटोपल्यावर, तेथील ग्रामपंचायतींशी विचारविनिमय करूनच ठरविली जाईल.