तांबं मातीत का घालायचं?

मंडळी, या शनिवारी कोड नाही, तांबं.

भोसरी-चिंचवडच्या पट्ट्यात प्लेटिंगची छोटी शॉप्स पुष्कळ. अ‍ॅसिड कॉपरच्या बाथमधून जॉब बाहेर काढला की त्याला चिकटून थोडं द्रावण येतं, आणि जॉब धुतला की ते पाण्यात जातं. हे पाणी तसंच सोडता येत नाही. लिटरमागे ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त तांबं चालत नाही. मग चुना टाकायचा, गाळ खाली बसवायचा, आणि बऱ्याचदा तो घातक कचरा म्हणून रांजणगावला पुरायला पाठवायचा. म्हणजे मालक तांब्याचे पैसे एकदा विकत घेताना देतो नि पुन्हा पुरताना! (आमच्याकडे याला मेमरी लीक म्हणतात, फक्त तिथे रीस्टार्ट करून भागतं.)

वास्तविक ज्या विजेने तांबं जॉबवर चढतं, त्याच विजेने ते पाण्यातून परत काढता येतं. हिशेब फॅरेडेने १८३०च्या दशकातच घालून दिलाय: १ अँपिअर तासभर सोडला की जास्तीत जास्त १.१९ ग्रॅम तांबं. २ व्होल्ट धरा, म्हणजे किलोला साधारण १.७ युनिट. गळती धरून ३ म्हणा. १० रुपये दराने ३० रुपये. तांबं त्याच्या कितीतरी पट महाग! रेक्टिफायर तर शॉपमध्ये असतोच.

मग घोडं पेंड खातं कुठे? पाणी पातळ असतं तिथे. तांब्याचे आयन कॅथोडपर्यंत पुरेसे पोचेनात, की वीज नुसतं पाणी फोडत बसते. हायड्रोजन निघतो, बिल वाढतं. त्यामुळे सेल ईटीपीच्या शेवटाला लावून काही उपयोग नाही. तो बाथशेजारच्या पहिल्या धुण्याच्या टाकीला हवा, जिथे पाणी साठवलेलं नि तांबं दाट असतं. एकदा तांबं, निकेल, क्रोमियम या तिन्हींचं पाणी एका गटारात मिसळलं की संपलंच. वेगळं करायचा खर्च कोण करणार?

मला विचाराल तर खोट मोजण्यात आहे. २०१६च्या घातक कचऱ्याच्या नियमांत पुनर्वापर आधी आणि विल्हेवाट सगळ्यात शेवटी, असा क्रम लिहिलाय खरा. पण पाइपच्या तोंडाशी मोजलेल्या मिलिग्रॅमना तांबं बाथमध्ये परतलं की पुरलं गेलं, काय फरक पडतो? तांबं किती किलो आणलं, जॉबवर किती चढलं, गाळात किती गेलं, एवढी तीन रकान्यांची वही मागा. क्रोमियमचं म्हणाल तर ते या सेलचं काम नाही, तिथे चुना चालूच राहील.