ठोशाची ताकद आणि हाताचा वेग

मुष्टियुद्धाविषयी आपल्याकडे जे थोडेबहुत लिहिले जाते, त्यात ठोशाच्या ताकदीला नेहमीच अग्रमान असतो. प्रतिस्पर्धी कोसळला की ताकद सिद्ध झाली असे मानायचे आणि तो ठोसा किती वेगाने आला याचा विचारही करायचा नाही, अशी ही रीत आहे. वेगाचे श्रेय मिळते ते काही ठरावीक नावांना. महंमद अली रिंगणात नाचत असे, म्हणून त्याचे हातही चपळ होते हे कोणालाही चटकन पटते. परंतु जो योद्धा संथ पावलांनी सरकतो, किंवा ज्याच्यावर ‘ताकदीचा गडी’ असा शिक्का एकदा बसला आहे, त्याच्या हातांच्या वेगाकडे जाणकारांचेही दुर्लक्ष होते.

जो लुई हे याचे ठळक उदाहरण. 1937 ते 1949 अशी बारा वर्षे हेवीवेट गटाचे जगज्जेतेपद त्याच्याकडे होते व ते त्याने 25 वेळा राखले. त्याची पावले जमिनीवर घासत पुढे येत. हात मात्र वीतभर अंतरातून सुटत आणि एकामागून एक दोन-तीन ठोसे प्रतिस्पर्ध्याला सावरण्यापूर्वीच बसत. 1938 साली जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंगला त्याने पहिल्याच फेरीत गारद केले, तेव्हा लोकांनी वाखाणली ती त्याची ताकद. पनामाच्या रोबेर्तो दुरानची कथा याहून विलक्षण. ‘दगडी हातांचा’ हे त्याचे टोपणनाव. दगड जड असतो, चपळ नसतो, असा आपला समज. त्यामुळे टोपणनावानेच त्याच्या चापल्यावर पडदा टाकला. जून 1980 मध्ये माँट्रियल येथे त्याने शुगर रे लेनर्डला गुणांवर हरविले. लेनर्डची तर सारी कीर्ती हातांच्या वेगावर उभी होती! केवळ दगडी हातांनी अशा माणसाला पंधरा फेऱ्या गाठता येत नाही.

हे दुर्लक्ष होण्यामागे डोळ्यांची मर्यादा आहे. दिसलेल्या गोष्टीला प्रतिसाद देण्यास माणसाला साधारणतः सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो आणि चांगला ठोसा तेवढ्याच अवधीत आपले काम उरकतो. म्हणून अनुभवी योद्धा समोरच्याच्या मुठीकडे पाहत न बसता त्याच्या खांद्याची हालचाल वाचतो. दूर बसलेल्या प्रेक्षकाला तीही दिसत नाही. शिवाय वेगाची खरी कसोटी हात जाण्यात जेवढी, तेवढीच तो परत येण्यात असते. ठोसा मारून हनुवटीपाशी तत्काळ परतणारा हात बचावही करतो व पुढल्या ठोशाला सिद्धही असतो. पण परतणाऱ्या हाताला टाळ्या कोण देणार? मे 1965 मध्ये अमेरिकेतील लुइस्टन येथे अलीच्या उजव्या हाताच्या एका आखूड ठोशाने सॉनी लिस्टन पहिल्याच फेरीत खाली आला. सभागृहातील कित्येकांना तो ठोसा दिसलाच नाही. त्यांनी आपल्या दृष्टीवर संशय घेण्याऐवजी लढतीवरच घेतला. लिस्टन उठला का नाही, हा वाद आजही चालू आहे; परंतु ठोसा लागल्याचे चित्रफितीत दिसते.

प्रेक्षकाचे सोडा, पंचांचा हिशेब तरी अचूक असतो काय? 1988 च्या सोल ऑलिंपिकच्या अंतिम लढतीत रॉय जोन्सने 86 ठोसे लगावले व पार्क सि-हुनने 32, अशी मोजदाद पुढे प्रसिद्ध झाली. तरी निकाल 3-2 असा पार्कच्या बाजूने लागला. या नामुष्कीनंतर 1992 च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये संगणक आला. पाचांपैकी तीन पंचांनी एका सेकंदाच्या आत बटण दाबले तरच गुण, असा नियम झाला. हेतू चांगला होता. परिणाम अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला अपरिचित नाही. सेकंदात तीन-चार ठोसे मारणाऱ्याचे ठोसे पंचांच्या बोटांच्या आधीच संपत. सुटा, स्वच्छ दिसणारा एकच ठोसा अधिक लाभदायक ठरू लागला व खेळही त्याच वळणाने गेला. ज्याची नोंद होते त्याचेच उत्पादन होते. 2013 मध्ये पुरुषांच्या स्पर्धांतून ही पद्धत काढून टाकावी लागली.

आपल्याकडे मेरी कोमच्या बाबतीत वेगळ्याच प्रकारचा अन्याय झाला. सहा जागतिक अजिंक्यपदे मिळविणाऱ्या या स्त्रीविषयी मातृत्व, गरिबी, जिद्द यांवर रकानेच्या रकाने लिहिले गेले. 2012 मध्ये लंडनला तिचा 48 किलोचा गट नव्हता, म्हणून 51 किलोत अंगाने मोठ्या प्रतिस्पर्ध्यांशी लढून तिने कांस्यपदक आणले. ते ज्या झटपट आत शिरणाऱ्या, मारून निसटणाऱ्या हातांमुळे शक्य झाले, त्यांच्या वाट्याला या कौतुकात फारच थोड्या ओळी आल्या.

हा प्रश्न केवळ रसास्वादाचा असता तर त्यावर एवढा खल करण्याचे कारण नव्हते. महाराष्ट्रात मुष्टियुद्ध नवे नाही. मुंबईत त्याची संघटना 1925 पासून आहे. तरीही ग्रामीण मुलाची मूठ हेरण्याची व्यवस्था येथे रुजली नाही. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर मुष्टियोद्धा झाले ते लष्करात गेल्यावर. 1965 च्या युद्धातील गोळ्यांनी त्यांचे रिंगण हिरावले आणि 1972 मध्ये हायडेलबर्गला त्यांनी पोहण्यात सुवर्णपदक मिळविले, म्हणून निदान त्यांचे नाव तरी आपल्याला ठाऊक आहे. आज शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीसाठी मुले निवडताना उंची, वजन, तीस मीटर धाव, उड्या, मेडिसिन बॉलची फेक, आठशे मीटर धाव अशा कसोट्या घेतल्या जातात. धावपटूसाठी त्या योग्यच आहेत. हातांचा वेग मात्र त्यांतील एकही कसोटी मोजत नाही.

आणि असे हात कोठे आहेत, हे पाहायला फार दूर जावे लागत नाही. लासलगावला व्यापाऱ्यांच्या खळ्यांवर उन्हाळ कांद्याच्या ढिगाशी बसलेल्या स्त्रिया दोन्ही हातांनी एकाच वेळी निवड करीत असतात. गोल्टी एकीकडे, मोठा माल दुसरीकडे, सडका तिसरीकडे. नजर पडते न पडते तोच कांदा हातातून सुटलेला असतो. बाजारात कांद्याचे वजन होते, भाव पुकारला जातो. त्या हातांच्या वेगाचा आकडा कोणत्याही पावतीवर नसतो. त्यांच्या मुली शाळेच्या मैदानावर आल्या की त्यांची उंची मोजली जाते आणि बुटकी म्हणून त्यांना बाजूला बसविले जाते. मुष्टियुद्धात वजनाचे गट याचसाठी तर आहेत की बुटक्यांनाही जागा असावी.

सुटलेली फूटपट्टी किती इंचांवर पकडली जाते ते पाहणे, टांगलेल्या पिशवीवर दहा सेकंदांत किती सरळ ठोसे बसतात ते मोजणे, एवढ्या दोन कसोट्या जिल्हा निवडीत घालण्यास एक पट्टी, एक पिशवी व एक स्टॉपवॉच पुरेसे आहे. मुलामागे फार तर दोन मिनिटे अधिक लागतील.