होडी कलते कशी, ते आधी पाहा

कोकणातल्या एखाद्या घरी नवी होडी घ्यायचे ठरले, की प्रश्न ठरलेले असतात. किती फुटी? इंजिन किती हॉर्सपॉवरचे? पैसे किती? फार तर कोणी विचारतो, माणसे किती बसतील? पण होडीत चढून एका काठाशी उभे राहून, ती किती कलते आणि कशी परत येते, हे पाहणारे गिऱ्हाईक विरळा. जुने तांडेल तेवढे ते पाहतात, आणि त्यांना कोणी कारण विचारत नाही. माझे म्हणणे असे, की होडी निवडताना हा प्रश्न पहिला असावा आणि इंजिनाचा शेवटचा.

या उलट्या क्रमाचा थोडा दोष आम्हां शिक्षकांकडेही जातो. शाळेत आपण आर्किमिडीजचे तत्त्व शिकतो. खिळा बुडतो, जहाज का तरंगते, याचे उत्तर लिहून पूर्ण गुण मिळवतो आणि धडा संपतो. आता विचार करा : न तरंगणारी होडी कोणी विकायला ठेवील का? प्रत्येक होडी तरंगतेच. लहान होडीवर जीव जातात ते ती उलटल्याने किंवा पाण्याने भरल्याने. म्हणजे धडा जिथे संपतो तिथून खरा विषय सुरू होतो.

आपण ज्या होडीचा विचार करणार आहोत ती पाच-सहा मीटर लांबीची. पहाटे दोघे-तिघे तीत बसून किनाऱ्यापासून फार दूर न जाता जाळे टाकतील. कधी किनाऱ्या-किनाऱ्याने शेजारच्या बंदरापर्यंत जाऊन येतील. आणि मालवणसारख्या गावी, हंगामात, चार पाहुण्यांना खाडीतून किंवा किल्ल्याभोवती फिरवूनही आणतील. एकाच होडीकडून दोन कामे करून घ्यायची, हे लक्षात ठेवा. जाळे ओढणारा माणूस कुठे उभा राहावे हे जाणतो; फोटो काढणारा पाहुणा जाणत नाही.

होडी स्थिर असते तेव्हा तिचे वजन गुरुत्वमध्यातून खाली आणि पाण्याचे प्लावक बल वर, अशी दोन्ही बले एकाच उभ्या रेषेत असतात. होडी उजवीकडे कलली, की उजवीकडचा अधिक भाग पाण्यात जातो आणि प्लावक बलाचा बिंदूही उजवीकडे सरकतो. आता दोन बले एका रेषेत राहिली नाहीत. त्यांचे बलयुग्म झाले. सरकलेल्या प्लावक बलाची रेषा वर वाढवा. ती होडीच्या मध्यरेषेला जिथे छेदते, तो बिंदू म्हणजे मेटासेंटर. तो गुरुत्वमध्याच्या वर असेल, तर बलयुग्म होडीला सरळ करते. खाली असेल, तर तेच बलयुग्म तिला उलथवते. हा बिंदू फ्रेंच शास्त्रज्ञ प्येर बूगेर याने १७४६ साली प्रसिद्ध केलेल्या जहाजांवरील ग्रंथात मांडला. गंमत म्हणजे पृथ्वीचा आकार मोजण्यासाठी तो दक्षिण अमेरिकेत गेला होता, आणि समुद्रावरच्या त्या ग्रंथाचा बराच भाग त्याने अँडीज पर्वतात बसून लिहिला.

गुरुत्वमध्यापासून मेटासेंटरपर्यंतच्या अंतराला मी या लेखापुरते ‘सावरउंची’ म्हणतो. होडीला सावरण्याची ताकद या अंतरावर अवलंबून आहे. एक हिशेब करून पाहू. होडी १.४ मीटर रुंद आहे. होडी व इंजिन ३०० किलो, साठ किलोची चार माणसे, आणि जाळे-मासळी ६० किलो. एकूण ६०० किलो. सगळे बसलेले असताना सावरउंची ३० सेंटिमीटर आणि काठ पाण्याच्या वर ३५ सेंटिमीटर. जाळे वर घेताना ४० किलोचा भार काठावर, म्हणजे मध्यापासून ०.७ मीटरवर पडला. त्याचा परिणाम २८ किलोग्रॅम-मीटर. मासळी चांगली लागली म्हणून पाहायला दोघे त्याच बाजूला अर्धा मीटर सरकले, त्यांचे ६०. बेरीज ८८. याला ६०० गुणिले ०.३, म्हणजे १८० ने भागा. सुमारे ०.४९ येते, आणि ते कलण्याच्या कोनाचे साइन आहे. कोन झाला २९ अंशांचा! त्या कोनाला काठ ३९ सेंटिमीटर खाली जातो. पाण्याच्या वर तर तो ३५ सेंटिमीटरच होता. एवढ्या मोठ्या कोनाला हे सूत्र काटेकोरपणे लागू पडत नाही, उत्तर अंदाज म्हणूनच घ्यावे. पण काठावरून पाणी आत आले, हे समजायला अंदाज पुरेसा आहे. लाट आपण धरलेलीच नाही. सावरउंची दुप्पट असती, तर तीच होडी १४ अंश कलली असती आणि काठ १८ सेंटिमीटर खाली गेला असता. सगळे कोरडे घरी आले असते.

आता ती चार माणसे नुसती जागच्या जागी उभी राहिली असे समजा. प्रत्येकाचा गुरुत्वमध्य सुमारे ४० सेंटिमीटर वर गेला. २४० गुणिले ४०, भागिले ६०० : संपूर्ण होडीचा गुरुत्वमध्य १६ सेंटिमीटर वर. कोणी इकडचा तिकडे झाला नाही, तरी ३० पैकी १६ सेंटिमीटर सावरउंची गेली. ‘पोरांनो, बसून घ्या’ असे नाखवा ओरडतो, त्यामागे हे गणित आहे.

७ मे २०२३ रोजी केरळात मलप्पुरम जिल्ह्यातील तानूर येथे पर्यटकांची दुमजली होडी उलटून २२ जण दगावले. ती मुळात मासेमारीची होडी होती; फेरफार करून ती पर्यटकांसाठी वापरात आणली होती, आणि त्या संध्याकाळी तीत क्षमतेहून अधिक माणसे होती. मासळी तळाशी राहते, माणसे माळ्यावर चढतात. मासळीसाठी बांधलेल्या सांगाड्यावर मजला चढवणे म्हणजे सावरउंची हाताने कापून टाकणे. आपल्या किनाऱ्यावर कोणी लहान होडीवर सावलीसाठी जड छप्पर चढवतो आणि छपरावर सामानही ठेवतो, तेव्हा लहान प्रमाणावर तो हेच करीत असतो. छप्पर हवेच असेल तर कापडाचे घ्यावे, आणि वारा वाढला की उतरवता येईल असे घ्यावे.

मग सावरउंची मिळते कशाने? मुख्यतः रुंदीने. लांबी आणि वजन तेच ठेवले, तर प्लावक बलाच्या बिंदूपासून मेटासेंटर किती वर असेल हे रुंदीच्या घनावर ठरते. रुंदी सव्वापट केली की ती उंची जवळजवळ दुप्पट होते, कारण १.२५ चा घन १.९५ आहे. लांबी सव्वापट केली तर? फक्त सव्वापट. म्हणून ‘वीस फुटी की बावीस फुटी’ या वादात मला रस नाही. रुंदी किती, ते सांगा.

पण नुसती रुंद, सपाट तळाची होडीही मी कोणाला घ्यायला सांगणार नाही. तिची सावरउंची फार मोठी असते, त्यामुळे ती प्रत्येक लाटेबरोबर हिसका देऊन सरळ होते. उभा माणूस त्या हिसक्यानेच पडू शकतो. शिवाय समोरून लाट आली की सपाट तळ धपाधप आपटतो. खाडीत ती उत्तम. खाडीच्या तोंडाशी, जिथे ओहोटीचे पाणी आणि समुद्राची लाट समोरासमोर येतात, तिथे ती छळते. पुढे धारदार आणि मध्याकडे रुंद व चपटा होत जाणारा तळ हा मला त्यातल्या त्यात चांगला तोडगा वाटतो.

सावरउंची मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. होडी शांत पाण्यात उभी करून, नेहमीचे ओझे व माणसे घेऊन, एका काठावर दाब देऊन सोडा. झोके मोजा. एका पूर्ण झोक्याला किती सेकंद लागतात ते काढा. होडीची रुंदी मीटरमध्ये घेऊन ०.८ ने गुणा, झोक्याच्या सेकंदांनी भागा आणि उत्तराचा वर्ग करा. दीड मीटर रुंद होडीचा झोका दोन सेकंदांचा असेल, तर सावरउंची ३६ सेंटिमीटर. तोच तीन सेकंदांचा असेल, तर अवघी १६. हे ढोबळ सूत्र आहे, पण दोन होड्यांची तुलना करायला छान चालते. होडी सावकाश झुलते म्हणून आरामशीर वाटते, तेव्हाच सावध व्हावे.

येथे उलांडीविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर अरुंद होडीच्या एका बाजूला आडव्या दांड्यांनी हलक्या लाकडाचा ओंडका बांधलेला असतो, ती उलांडी. कित्येकांना ती मागासलेपणाची खूण वाटते. हिशेब करा. पाण्याच्या पातळीवर पाच मीटर लांब आणि ०.६ मीटर रुंद अशी होडी घ्या. रुंदीच्या घनाला लांबीने गुणून १२ ने भागले, तर ०.०९ येते. आता दोन मीटरवर तीन मीटर लांब, २० सेंटिमीटर रुंद उलांडी जोडा आणि समांतर अक्षांचा सिद्धांत लावा. तीच राशी २.०९ होते, म्हणजे वीसपटीहून अधिक. वजन मात्र थोडेसेच वाढले. अर्थात उलांडी पूर्ण बुडाली किंवा पाण्याबाहेर उचलली गेली, की हा फायदा संपतो. जाळे त्या बाजूने ओढता येत नाही, आणि धक्क्याला लागताना ती आडवी येते. एकट्या-दुकट्याने किनाऱ्याजवळ गळ टाकायचा असेल तर मी उलांडीचीच होडी घेईन. पाहुणे न्यायचे असतील तर नाही.

इंजिनाचे थोडक्यात. होडी चालते तेव्हा ती स्वतःची लाट उठवते, आणि वेग वाढला की ती लाट लांब होते. लाटेची लांबी होडीइतकी झाली, की होडी स्वतःच्याच लाटेच्या चढावर अडकते. हा वेग काढायला पाण्यालगतच्या लांबीचे वर्गमूळ घेऊन १.२५ ने गुणा. सहा मीटरला सेकंदास ३.०६ मीटर, म्हणजे ताशी ११ किलोमीटर. याहून वेगाने जायचे तर पाण्यावर उचलले जाण्याजोगा, मागे सपाट असलेला तळ हवा आणि ओझे कमी हवे. जाळे-मासळीने भरलेल्या गोल तळाच्या होडीला दुप्पट हॉर्सपॉवर लावल्याने तिची मागची बाजू बसते, पुढचे टोक वर जाते आणि इंधन जळते. त्या पैशात रुंद होडी, वल्ही आणि प्रत्येकासाठी जीवरक्षक जाकीट येते.

राहिला पाण्याने भरण्याचा प्रश्न. तळाशी साचलेले पाणी होडीबरोबर कलत्या बाजूला धावते आणि सावरउंची खाते. हे नुकसानही पाण्याच्या रुंदीच्या घनाप्रमाणे होते. तळाला मधोमध एक उभी फळी टाकून दोन कप्पे केले, तर नुकसान चौथाईवर येते. मोकळी मासळीही घसरते, म्हणून ती टोपल्यांत किंवा क्रेटमध्ये बरी.

आणि होडी काठोकाठ भरलीच तर? लाकडी होडी सहसा पाण्याबरोबर तरंगत राहते, तिला धरून राहता येते. फायबरची तशी नाही. फायबर पाण्यापेक्षा सुमारे दीडपट जड. अडीचशे किलोची फायबर होडी पाण्याखाली गेली, तरी तिचे ९० किलो वजन उरते. इंजिनाचे तीसेक, आणि डोके-खांदे पाण्याबाहेर ठेवून धरून राहिलेल्या चौघांचे मिळून चाळीस धरा. हे १६० किलो पेलायला तेवढीच बंद हवा किंवा फोम हवा. थोडी सूट ठेवून २०० लिटर, म्हणजे घट्ट झाकणाचे २० लिटरचे दहा रिकामे कॅन. ते तळाशी नव्हे, दोन्ही बाजूंना काठाखाली पक्के बांधावेत, म्हणजे भरलेली होडी पालथी न होता सरळ राहील. काही होड्यांत बाकाखाली बंद कप्पे असतात. ते खरेच बंद आहेत की झाकण उघडून जाळी ठेवायला वापरले जाणार आहेत, हे पाहून घ्यावे. खात्री करायचा मार्ग सोपा आहे. पैसे मोजण्यापूर्वी भरतीच्या वेळी खाडीत कमरेएवढ्या पाण्यात होडी न्या, इंजिनाऐवजी तेवढ्या वजनाचे दगड बांधा आणि बादल्यांनी ती काठापर्यंत भरा. विकणारा कां कूं करील. अर्ध्या तासाचे काम आहे, करू द्यायला सांगा.